दुसरी पायरी

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत साठीपुढच्या गटाचं बक्षीस पुकारलं आणि मी सवयीने दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

"काका, मधल्या पायरीवर चढा. गटात यंदा तुम्ही एकटेच आहात," निवेदक माइकवरून म्हणाला. लोक हसले.

मधली पायरी सावंतांची. दर वर्षी ते माझ्यापेक्षा थोडं जास्त वजन उचलायचे आणि त्या पायरीवर चढताना मात्र माझ्याच खांद्याचा आधार घ्यायचे. दिवाळीनंतर ते गेले. आता मला हरवायला कुणी उरलं नाही, आणि याला म्हणे जिंकणं म्हणतात.

गुडघ्यावर हात रोवून मी कसाबसा वर चढलो. गळ्यात सुवर्णपदक पडलं. सवयीने शेजारी पाहिलं, तर माझीच जागा रिकामी होती.