दोन टिचक्या म्हणजे हो

दिनकरच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी नेहमीसारखा एकटाच बोलायला लागलो. ‘काय, जेवलास काय?’ असं विचारलं आणि थांबलो. घशाच्या कॅन्सरमुळं दिनकरचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. तेव्हापासून फोन तो करायचा, बोलायचो मी, आणि तो मोबाइलवर नखानं टिचकी मारायचा. दोन टिचक्या म्हणजे हो, एक म्हणजे नाही. त्या दिवशी टिचकी आली नाही. मी परत विचारलं. मग पलीकडून त्याच्या बायकोचा, सुलभावहिनींचा आवाज आला. ‘भावजी, ते गेले...’ या गोष्टीला आता महिना होत आला.

आम्ही दोघांनी कोल्हापुरातल्या ऑफिसांचे टेलिफोन सांभाळण्यात उमर घालवली. बँका, दवाखाने, साखर कारखान्यांची ऑफिसं. टेबलाटेबलावर फोन आणि त्या सगळ्यांची जोडाजोड करणारं कपाटाएवढं यंत्र, बहुतेक वेळा जिन्याखालच्या कोंदट खोलीत. कुणी वर रिसीव्हर उचलला, की खाली कपाटात रिलेचे खटके टकटकायला लागायचे. नवी केबल टाकली, की मी कपाटापाशी थांबायचो आणि दिनकर एकेका टेबलावर जाऊन बोलायचा, म्हणजे कुठली तार कुठं गेली ते कळायचं. ‘आलं का? आलं का रं?’ त्याचा आवाज राधानगरीकडचा, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची सवय असलेला. एका बँकेतले मॅनेजर म्हणाले होते, ‘अहो, फोनशिवायच ऐकू येतंय की.’ त्यावर हा म्हणाला, ‘मग फोन कशाला बसवताय, पावणं?’ मॅनेजर आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

जुन्या रिसीव्हरमधला, बोलायच्या बाजूचा कार्बनचा भुगा दमट हवेनं घट्ट व्हायचा आणि बोललेलं पोचायचं नाही. अशा वेळी दिनकर फोनचा हुक दाबायचा आणि माझ्या कानात ठोके वाजायचे. दोन ठोके म्हणजे आलं, एक म्हणजे नाही. ऑपरेशननंतर आम्हाला नवं काही शिकावं लागलं नाही, ते यामुळं.

तंबाखूची गोळी त्याच्या गालात कायम असायची. मोबाइल आले, ऑफिसांनी आमची कपाटं भंगारात काढली, काम सुटलं, तशी गोळी मोठी होत गेली. आवाज बसला तेव्हा तो म्हणाला, धूळ गेलीय घशात. वर्ष त्यातच गेलं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला लागेल असं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, आज तरी बोल काहीतरी. ‘काय बोलू? बोलायचं ते बोलून झालंय की...’ घोगऱ्या आवाजात एवढं म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मी निघालो तेव्हा म्हणाला, ‘पंखा बारीक कर, गार लागतंय.’ त्याच्या तोंडचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

त्यानंतरचा दिनकर मला कधी पुरता ओळखीचा झाला नाही. लिहून सांगायला वहिनींनी पाटी आणली, ती त्यानं फेकून दिली. लोक भेटायला यायचे आणि तो बहिरा झाल्यासारखं मोठमोठ्यानं बोलायचे. तो उठून आत निघून जायचा. पुढं पुढं कुणी येईनासं झालं. फोन मात्र रोज करायचा. मी बाजारातलं, घरातलं काहीबाही सांगायचो. कधी टिचकी यायची, कधी नाही. एकदा विचारलं, ‘कंटाळलास काय रे?’ लगेच दोन टिचक्या आल्या. मला फोन ठेववेना.

दुखणं उलटलं आणि तो राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या खोलीत खाटेला खिळला. वहिनी खाली स्वयंपाकघरात असल्या, की त्यांना बोलवायचं कसं? मी माझ्याकडचे दोन जुने इंटरकॉम काढले, जिन्यातून तार टाकली, एक त्याच्या उशाशी ठेवला, एक खाली ओट्याजवळ लावला. बटण दाबलं की खाली बेल. तार ओढताना तो पडल्या पडल्या बोटानं दाखवत होता, इथं खिळा मार, इथं नको. त्या दिवशी तो थोडा जुना दिनकर वाटला.

परवा वहिनींनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, ‘भावजी, तेवढी बेल काढून टाका.’ कारणही त्यांनीच सांगितलं. ‘त्या दिवशी बेल वाजली. तव्यावर भाकरी हुती. म्हटलं, एवढी उतरतो आन् जातो. परत वाजली न्हाय. मला वाटलं, डोळा लागला आसंल... वर गेलो, तर बटणावरच हात हुता.’

‘तुम्ही लगेच गेला असता तरी काही झालं नसतं, वहिनी,’ मी म्हणालो.

‘ते मलाबी कळतंय. पर त्यांनी बोलवलं हुतं की.’

मी ओट्याजवळच्या इंटरकॉमचा डबा उघडला, बेलची तार सोडवली. वहिनी शेजारी उभ्या होत्या. ‘आता वाजणारच न्हाय?’ ‘नाही.’ मी स्क्रू आवळत होतो. त्यांनी डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, ‘परत लावा.’

मी तार परत जोडली. जोडल्यावर तपासून बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. वर गेलो. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. मी खाटेच्या कडेला बसलो, रिसीव्हर कानाला लावला आणि बटण दाबलं. खाली बेल वाजली. वहिनी फोन उचलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. उचलला नाही. जिन्यावर पावलं वाजली, भराभर, एकेक पायरी गाळत, आणि वहिनी धापा टाकत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गुंडाळलेल्या गादीकडं.

‘वाजली,’ त्या म्हणाल्या.

‘हो,’ मी म्हणालो, आणि रिसीव्हर खाली ठेवला.