वीटभट्टीला बगल

आमच्या गावात पोस्टमन हिनर्क ब्रूनिंगची सगळेच चेष्टा करतात. पत्र असो नसो, तो एकही फाटक वगळत नाही. ओस पडलेल्या घराचंसुद्धा दार ठोठावतो. "काय रे, भुतांना मनीऑर्डर आली का?" असं मीच त्याला कितीदा विचारलंय. मला हक्क आहे. १९१८ च्या वसंतात, जर्मन फौजेत, मी त्याच्या धडक तुकडीत हातबॉम्बची पोती वाहत होतो.

हिनर्क आमचा नाईक. आघाडीच्या मागं एका शेतात इंग्रजांच्या खंदकाची हुबेहूब नक्कल खणली होती, तिथं त्यानं आम्हाला महिनाभर पिदडलं. रांगेनं चालत जाऊन मरायचे दिवस संपले, म्हणायचा. आठ जणांनी फटीतून घुसायचं, वळणाआड बॉम्ब टाकायचा, धुरातच पुढचं वळण गाठायचं. मशीनगन अडवेल तिथं लढत बसायचं नाही, बगल देऊन पुढं निघायचं. तिचा समाचार मागची रांग घेईल. कुणाची मान मागं वळली की हेल्मेटवर काठी बसायची.

हल्ल्याच्या आदल्या दुपारी त्याचा धाकटा भाऊ आल्विन भेटायला आला. मागची रांग म्हणजे त्याचीच कंपनी.

"म्हणजे तुझं उष्टं माझ्या पानात," आल्विन हसला. "लहानपणापासून हेच चाललंय."

"बडबड कमी कर. उद्या डोकं खाली ठेव," हिनर्क म्हणाला आणि त्याच्या गळ्याचं बटण लावून दिलं.

सकाळी दाट धुकं होतं. पहिला खंदक आम्ही बघता बघता घेतला. दुसऱ्याजवळ पोचलो आणि डावीकडच्या पडक्या वीटभट्टीतून मशीनगन सुरू झाली. आम्ही आडवे पडलो. गोळ्या आमच्यावर नव्हत्या, आमच्या मागं चालल्या होत्या. भट्टी चाळीस पावलांवर, आणि तिची पाठ आमच्याकडं.

"हिनर्क, दोन बॉम्बचं काम आहे," मी म्हणालो. "मागं आल्विन येतोय."

तो भट्टीकडं बघत राहिला. उजवीकडची फट अजून मोकळी होती, पण धुकं विरायला लागलं होतं. त्याचा जबडा हलत होता. वळ, मी मनात म्हणत होतो, वळ रे.

"पुढं," तो म्हणाला.

आणि मीही गेलो. दुपारी आम्ही त्यांच्या तोफांपर्यंत पोचलो, आठच्या आठ जिवंत. नियम बरोबरच होता, म्हणून तर मला त्याची चीड येते. भट्टी मागच्या रांगेनं अर्ध्या तासात घेतली. आल्विन तिच्यासमोर सापडला. बटण लावलेलंच होतं.

रजेवर मी हिनर्कबरोबर त्याच्या घरी गेलो. आईनं मसुराचं सूप वाढलं.

"मशीनगननं गेला म्हणतात," ती म्हणाली. "तू जवळपास होतास?"

"चाळीस पावलांवर."

"मग?"

मी हुकमाचं काहीतरी बोलायला गेलो, तर हिनर्कनं टेबलाखाली माझा हात दाबला.

"मी बगल देऊन पुढं गेलो, आई."

तिनं त्याच्यासमोरची वाटी उचलली आणि आत नेली. त्यानंतर त्याला कधी घरात घेतलं नाही. लढाई संपली, तो पोस्टात लागला. पुढं नऊ वर्षं, ती जाईपर्यंत, तो रोज तिचं फाटक उघडायचा आणि दार ठोठावायचा. दार उघडायचं नाही. आतून तिचा आवाज मात्र यायचा.

"पुढं जा."