निर्जन बेटावरची तीस वर्षं

आर्क्टिकमधल्या नोर्डोस्टलँड बेटावर मी कधीही गेलेलो नाही. एवढं एक वाक्य लिहायचं मी सात वर्षं टाळलं. विषय निघाला की चहा टाकायला उठायचो.

२०१२च्या मे महिन्यात आम्ही नवराबायको मुलाकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला गेलो. मुलगा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तो कामावर गेला की आम्ही गाव पालथं घालायचो. जुनी तटबंदी, दोनाउ (डॅन्यूब नदी) आणि ब्रेत्सेल (गाठ मारलेला खारा पाव). तो माझ्या कवळीने दुसऱ्याच दिवशी नाकारला.

एका दुपारी पावसाने आम्हाला वाचनालयात ढकललं. आत ध्रुवप्रदेशाच्या नकाशांचं प्रदर्शन होतं. नोर्डोस्टलँड मी लांबूनच ओळखलं. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं, अभ्यासक्रमात नसताना, मी ते शिकवलं होतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांमधलं दुसरं मोठं बेट, बहुतेक बर्फाखाली, वस्ती शून्य. महायुद्धात काही जर्मन सैनिक तिथे हवामान टिपायला गेले. युद्ध संपलं, पण त्यांना न्यायला कोणी आलंच नाही. चार महिन्यांनी सीलच्या शिकारीला आलेल्या नॉर्वेजियन बोटीला ते शरण गेले. इथे वर्ग हमखास हसायचा.

मी नकाशावर बोट ठेवून ओरडलो, तशा ग्रंथपालबाई आल्या. आमची ही तीन आठवडे फोनवर जर्मन शिकत होती. भूतकाळ अजून यायचा होता.

"माइन मान. इन्झेल. द्रायसिश यारे," ती अभिमानाने म्हणाली. माझा नवरा. बेट. तीस वर्षं.

बाईंनी डोळे विस्फारून मला काहीतरी विचारलं. काही कळलं नाही तर या (हो) म्हणायचं, असं मुलाने शिकवून ठेवलं होतं.

"या, या," मी म्हणालो.

पाच मिनिटांत मला खुर्ची मिळाली, कॉफी आली, चीजचा केक आला आणि वीसेक म्हातारी माणसं गोळा झाली.

"अहो, तिथे काय खायचात, विचारतायत."

"अगं, गैरसमज झालाय म्हणून सांग त्यांना!"

"गैरसमजला काय म्हणतात?"

"मला काय विचारतेस? शिकतेयस तू."

"मग भात सांगते. तेवढं येतं."

"राइस," तिने जाहीर केलं. एका आजोबांनी ते लिहून घेतलं.

मग काठी टेकत फ्राऊ (श्रीमती) लिंडनर पुढे आल्या. वय पंचाहत्तरीचं. त्यांचे वडील त्या सैनिकांत होते. ग्रंथपालबाई आता इंग्रजीत सांगू लागल्या. घरी परतल्यावर वडील त्या वर्षाबद्दल अक्षर बोलले नाहीत. मरेपर्यंत खिडकीत बसून समोरच्या गॅरेजच्या भिंतीकडे बघत राहिले.

"त्या विचारतायत, तिथल्या झोपडीच्या दारातून काय दिसतं?"

इंग्रजी मला चांगलं येतं. भाषेचा घोटाळा तिथेच संपला होता. पण निवृत्त झाल्यापासून वीस माणसांनी असं कान देऊन माझं ऐकलं नव्हतं.

"समुद्र," मी म्हणालो. "आणि उन्हाळ्यात पिवळी फुलं, नजर पोचेल तिथवर."

फुलं सह्याद्रीतली होती, सोनकीची.

फ्राऊ लिंडनर रडू लागल्या. "म्हणजे ते भिंत बघत नव्हते," त्या म्हणाल्या.

बाहेर येताच हिने मला धरलं. "कसली फुलं हो?"

"तू भात शिजवलास, मी फुलं लावली."

"भाताने कोणी रडलं नाही."

परतीच्या आदल्या दिवशी, मुलाकडून माफीची तीन जर्मन वाक्यं देवनागरीत लिहून घेऊन मी फ्राऊ लिंडनरांच्या घरी गेलो. वडील बघत बसायचे त्या गॅरेजच्या भिंतीवर आता निळा समुद्र होता. त्याखाली त्या स्वतः, स्टुलावर बसून, फुलं रंगवत होत्या.

"रिश्टिश?" (बरोबर?) त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला.

मी खिशातला कागद चाचपला. मग पिवळ्या रंगाकडे बघितलं आणि हाताने खुणावलं: थोडा फिकट हवा.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्याचं मुलाने कळवलं. ती वाक्यं आता मला न बघता येतात. मी त्या बेटावर कधी गेलो नाही. मला माफ करा. तुमच्या वडिलांना काय दिसत होतं, मला माहीत नाही.