पहिल्या जेवणाचा मान

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात निर्वासितांच्या छावणीतून येणाऱ्या करेन जमातीच्या कुटुंबाला पहिलं जेवण वाढायचं ते सेरवा मावशीनंच. हा मान तिनं आजवर कुणाला घेऊ दिलेला नाही. यंदा अमेरिकन सरकारनं वर्षाला किती निर्वासित घ्यायचे तो आकडाच कापला. मावशीची सख्खी बहीण छावणीतच अडकली आणि आलं एक अनोळखी कुटुंब.

पातेलं उचलू लागायला आलेले शेजारचे क्लेरमामा खवचटच. "बहिणीची जागा ज्यांनी घेतली, त्यांनाच बांबूच्या कोंबांचं कालवण?"

"किती माणसं घ्यायची ते सरकार ठरवतं, मामा. आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हे मी ठरवते. चला, सांडू नका!"

जेवताना त्या नव्या कुटुंबातल्या सुनेनं पुन्हा भात मागितला, तेव्हा मावशीनं मामांकडे असं पाहिलं, जणू निवडणूकच जिंकली होती.