नव्या घराच्या निळ्या भिंती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमत नव्हते आणि आता तर पेन धरला की बोटं अवघडतात. अक्षर वाकडं येतं, ओळ उतरत उतरत खाली जाते. कोणाच्या हाती हे पडलंच तर चुकांसाठी माफ करावं. चार माणसांत बोलायची मला भारी लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव आर्वीहून एसटीनं अर्ध्या तासावर. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही थोरल्या दिराच्या घरात राहत होतो. मातीचं घर, दोन खोल्या आणि ओसरी. ओसरीत जुनं लुगडं आडवं बांधून त्यामागं आमचा संसार. थोरल्या जावेला मी बाई म्हणते. ती मला कधी टाकून बोलली नाही. पण मिठाचा डबा कुठं ठेवायचा हेसुद्धा तीच ठरवायची, कारण घर तिचं होतं. माझा डबा मला वाटेल तिथं ठेवता यावा, एवढंच माझ्या मनात होतं.

मग आमचं घरकुल मंजूर झालं. सरकारी हप्ते स्लॅब आणि गिलाव्यापर्यंत पुरले. आमची शिल्लक दारं आणि फरशीत गेली. घर उभं राहिलं, पण आत काहीच नव्हतं. बोललं की आवाज घुमायचा. भिंती राखाडी.

बाई पाहायला आली. सगळीकडं फिरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हे घर हाये का गोडाऊन वो?”

मी हसून मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिनं बकऱ्या विकून ठेवलेले बारा हजार रुपये माझ्या हातावर ठेवले.

“लावून घे घर. पण पोळ्याच्या आत मले वापस पाह्यजेत. हे पैसे माहे नाईत, पोरीचे हायेत. वर्ध्याले नर्सिंगची फी भराची हाये तिची.”

तिची पोरगी मागंच उभी होती. आमच्या घरात बारावीच्या पुढं जाणारी ती पहिली. मला बोलायचं होतं की नको, हे पैसे राहू द्या. पण मी नोटा पदरात बांधून घेतल्या. त्या दिवसापासून घरात काही आणलं की आनंद व्हायचा आणि पाठोपाठ किती फेडायचं ते मी बोटांवर मोजायची. पोळ्यापर्यंत पैसे फिटले नाहीत तर पोरीचं शिक्षण माझ्या पलंगात आणि पडद्यात अडकणार होतं.

म्हणून जपून जपून घर लावलं. आर्वीत एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं, त्यांचा लोखंडी पलंग मिळाला. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली नवऱ्यानं फरशीचा तुकडा बसवला. संत्र्याच्या एका बागेत मोडक्या लाकडी पेट्या पडून होत्या. मालकानं जळणाला न्या म्हटलं. आम्ही त्या घासल्या, वाकडे खिळे काढून सरळ केले, त्याच खिळ्यांनी पेट्या भिंतीला ठोकल्या. झाल्या फळ्या. त्यांतली सगळ्यांत चांगली पेटी बुद्धाच्या मूर्तीसाठी वर लावली. पडदे माझ्या दोन जुन्या साड्यांचे. भांड्यांची स्टीलची मांडणी मात्र नवी घेतली. दुकानात तिला हात लावून पाहत मी बराच वेळ उभी राहिले आणि भाव विचारायला नवऱ्याला पुढं केलं.

राहिला रंग. पेंटरनं सांगितलेला आकडा ऐकून नवरा म्हणाला, “इतक्यात तं आपुन दुसरी मांडणी घेऊ.” मग आम्हीच चुना भिजवला. माझ्या माहेरी, सासरी, सगळीकडं भिंतीला चुनाच. त्यात मी नीळ ओतली, आणखी ओतली, चांगला गडद निळा रंग होईपर्यंत. दोन दिवस आम्ही दोघांनी हात दिले. वाळल्यावर दारातून पाहिलं तर मला माझंच घर ओळखू येईना. इतकं सुंदर.

बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश ठेवला. आमच्याकडं वंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, लहान पोरांचेही पांढरे शर्ट. खोली लहान, माणसं जास्त. जो येईल तो मागं सरकून भिंतीला टेकून बसत होता. वैशाखातलं ऊन, एकच पंखा, सगळे घामानं भिजलेले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळे हात जोडून उठले.

आधी बाईची पोरगी फिसकन हसली. मग मी पाहिलं. सगळ्यांच्या पाठी निळ्या झाल्या होत्या. वंदना सांगणाऱ्या गुरुजींची पाठ निळी. बाईची ठेवणीतली पांढरी साडी खांद्यापासून कमरेपर्यंत निळी. आणि माझ्या भिंतीवर माणसांच्या आकाराचे फिके डाग.

सगळे एकमेकांना फिरवून फिरवून पाहू लागले. आमच्या वस्तीतले एक म्हातारे बुवा आहेत, ते मोठ्यानं म्हणाले, “आजवर निळा झेंडा हातात घेतला, आज पाठीवर आला!” घर हसण्यानं भरून गेलं. मी मात्र स्वयंपाकघरात पळाले आणि मांडणीच्या आड उभी राहिले.

बाई मागून आली. “रडून राह्यली काऊन वो?”

“तुमची साडी गेली, बाई.”

“कुठी गेली? हे तं नीळ हाये. पांढऱ्या कपड्याले आपुन पैसे देऊन नीळ देतो, तू फुकट देल्ली.” आणि पदरानं माझं तोंड पुसायला गेली. पदरही निळाच होता, माझा गाल निळा झाला. मग मलाही हसू आलं. बाहेर येऊन मी सगळ्यांना खीर वाढली. कोणी वाटी परत करताना म्हणत होतं, “पुढच्या टायमाले पोटाकूनही रंगवजो.”

पण लोक गेल्यावर भिंती पाहवेनात. बोट लावलं की बोट निळं. पलंगावरची चादर निळी, मांडणी निळी. नवरा आर्वीच्या रंगाच्या दुकानात गेला आणि परत येऊन म्हणाला, “दुकानदार चांगला रंग उधार द्यायले तयार हाये. दिवाळीपर्यंत देऊ.”

त्याच्यापुढं मी एरवी कमीच बोलते. त्या दिवशी बोलले. “नाई. रंगाची उधारी झाली तं बाईचे पैसे पोळ्यापर्यंत फिटत नाईत. आपुन निळ्या कपड्यानं राहू.”

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, “दुकानदार इचारत होता, चुन्यात डिंक टाकला होता का म्हून.”

डिंक! शेणानं सारवलेल्या मातीच्या भिंतीवर चुना आपोआप धरतो. त्यात डिंक घालताना मी कोणालाच पाहिलं नव्हतं. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीला तो लागतो, हे आमच्यापैकी कोणाला माहीत असणार? सिमेंटच्या घरात राहणारे आम्ही पहिलेच.

दुकानातला डिंक महाग होता. पण नाल्याच्या काठानं, शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळी होत्या आणि उन्हाळ्यात त्यांच्या सालीवर डिंकाचे खडे येतात. मी बाईला विचारायला गेले तर ती टोपली घेऊनच उठली. सकाळच्या गारव्यात आम्ही दोघी जायचो. काटे टोचायचे. बाई काट्याला शिव्या द्यायची आणि मला म्हणायची, “तू बी दे एखादी, इथं कोन आयकून राह्यलं!” मी दिली एक. ती इतकी हसली की टोपली सांडली. ओसरीत इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण तिच्याशी एवढं मी कधी बोलले नव्हते.

डिंक गरम पाण्यात विरघळवून, गाळून चुन्यात घातला. आधी भिंती खराट्यानं झाडल्या, मग नवा निळा हात दिला. वाळल्यावर बाई आली, ठेवणीतली नव्हे पण पांढरीच साडी नेसून, आणि मुद्दाम पाठ भिंतीला घासून वळली.

“पाह्य.”

पाठ पांढरी होती. मी भिंतीला हात लावून तिथंच खाली बसले, इतकं हलकं वाटलं.

डिंक पुष्कळ उरला होता. बाई म्हणाली, अर्धा तुझा. माझा वाटा आर्वीच्या बाजारात विकला आणि आलेले पैसे तसेच तिच्या हातात नेऊन दिले. ती माझी पहिली फेड. मग पाऊस पडला, सरकी टोबायची, म्हणजे कपाशीचं बी लावायची कामं निघाली, मागून तण काढायचं निंदण आलं. नवरा ट्रॅक्टरवर जात होता. मधे पावसानं झड लावली, रानात जाता येईना आणि मजुरी थांबली. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. ऊन पडलं तशी मी सोयाबीनच्या निंदणाला गेले आणि एकही दिवस खाडा केला नाही.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा शेवटचे पैसे घेऊन मी बाईकडं गेले. पोरीची कागदपत्रं पिशवीत भरून झाली होती.

“ठेव तिथं,” बाई म्हणाली.

“नाई बाई, मोजा. माह्या समोर मोजा.”

“आता लय बोलाले लागली तू!” असं म्हणत तिनं थुंकी लावून नोटा मोजल्या, आधी दिलेले धरून हिशोब जुळवला आणि सगळे पैसे पोरीच्या पर्समध्ये घातले. “फिटले. एक रुपया बाकी नाई.”

दुसऱ्या दिवशी पोरगी वर्ध्याला गेली आणि फी भरून आली. पावती तिनं मला मोबाईलवर दाखवली. मला ती नीट वाचता आली नाही, पण खालचा आकडा वाचता आला. पूर्ण भरलेला होता.