न उघडताच म्हणाले, "नवीन घ्या"

मंडळी, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लगेच लिहितेय.

परवा लॅपटॉपवर ताक सांडलं. लगेच बंद करून हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिला. आज तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, पूर्ण उघडून बघितला. मदरबोर्ड गेलाय, डेटाही गेला. दुरुस्तीपेक्षा नवीनच घ्या."

त्यात माझ्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते. मी तिथेच रडले.

लॅपटॉप घेऊन घरी परतताना वाटेतल्या माण गावात एका छोट्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरले. दुकानदार दादांनी लॅपटॉप पालथा करून मला एक स्क्रू दाखवला. "ताई, ह्यावरचं कंपनीचं सील बगा. तसंच हाय. ह्यो कुनी उघडलाच न्हाई."

मग त्यांनी माझ्यासमोर उघडला. ताक फक्त कीबोर्डात गेलं होतं. बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर लॅपटॉप चालू झाला, सगळे फोटो जागेवर. नवीन कीबोर्ड बसवायचं तिथेच ठरवलं.

सेंटरला फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, पाणी-बिणी सांडलं की आम्ही सगळ्यांनाच नवीन घ्यायला सांगतो."

सगळ्यांनाच! म्हणजे माझ्याआधी किती जण आपले फोटो गेले समजून रडत घरी गेले असतील? तुमच्यापैकी कुणी आहे का त्यात?