बाळंतिणीच्या खोलीतला एसी

कल्पना करा, मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ आहे आणि तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभे आहात. कमरेला पट्टा, हातात पाना. समोर एसीचं बाहेरचं युनिट चालू आहे आणि आतल्या खोलीतली सगळी उष्णता ते तुमच्या तोंडावर फेकतंय. पत्र्याला कोपर लागलं की चटका बसतो. आतले लोक मधूनमधून पडदा सारून विचारतात, अजून किती वेळ?

सुलेखा हे काम सहा वर्षं करतेय. ती बिडकीनची. आयटीआयला एसी-फ्रिजच्या वर्गात एकटीच मुलगी होती, आता शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. ‘बाई पाठवली? माणूस नव्हता का?’ हे तिनं इतक्या दारांत ऐकलंय, की ती उत्तर न देता चपला काढते.

यंदा मे महिन्यात तिला उस्मानपुऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये पाठवलं. हॉलच्या एसीची सर्व्हिसिंग होती. ती उरकल्यावर घरमालक सदाशिवराव तो वीसवर लावून, अंगावर चादर घेऊन सोफ्यावर पेपर वाचत बसले. त्यांच्या पत्नी उमाकाकूंनी मग सुलेखाला स्वयंपाकघरात बोलावून दुसरं काम सांगितलं. मुलगी सावनी बाळंतपणाला आली होती, अकरावा दिवस होता. ती सारखी एसी लावा म्हणते. तर आतल्या खोलीतल्या एसीचं काहीतरी करून टाक, आणि तिला सांग की गॅस गेलाय.

आतल्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद. खाटेखाली शेगडी आणि तिच्यात ओव्याची धुरी. सावनीचं कान-डोकं सुती फडक्यानं बांधलेलं, घामानं गाऊन पाठीला चिकटलेला. शेजारी टोपरं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ. त्याच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा होता. ते रडत नव्हतं, नुसतं तोंड उघडत होतं.

सुलेखानं पिशवीतून मीटर काढून खोलीचं तापमान मोजलं.

“काकू, एकोणचाळीस आहे इथं.”

“यंत्राला काय कळतं बाळंतपणातलं? मी महिनाभर शेक घेतला, भर एप्रिलात. आज साठीला भरलेला सिलिंडर हलवते.”

“लेकराला तरी मोकळं करा. लई लाल पडलंय ते.”

“तू वायरी बघ. लेकरं आम्ही वाढवलीत.”

हॉलमधून सदाशिवरावांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. थंडावा वाया जात होता.

सुलेखाला हे सगळं पाठ होतं. तिची सासू केसरबाई, बिडकीनला. तिनंही सुलेखाला मे महिन्यातच पत्र्याच्या खोलीत शेकलं होतं. बाराव्या दिवशी सुलेखाची तान्ही मुलगी तापानं फणफणली, दूध ओढेना. चार दिवस सलाइनवर होती. केसरबाई आजही म्हणते, शेजारणीची नजर लागली. सुलेखानं तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता. याबद्दल तिनं केसरबाईला माफ केलेलं नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

उमाकाकू नवे निखारे फुलवायला गॅसपाशी गेल्या. सुलेखा स्टुलावर चढली. एसीचं पुढचं झाकण उचललं, उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बटणावर बोट ठेवलं आणि सावनीकडं बघितलं.

“रिमोट नसला तरी हे दाबलं की चालू होतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “झोत बाळावर नको येऊ देऊ. आणि ती शेगडी आधी बाहेर काढ.”

सावनीनं दाराकडं बघितलं.

काकू परत आल्या तेव्हा सुलेखानं भिंतीवरचा रिमोट काढून त्यांच्या हातात दिला.

“आता नाही ना चालणार?”

“रिमोटशिवाय नाय चालत, काकू.”

काकूंनी रिमोट कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी त्यांचा दुकानात फोन आला. तुम्ही पाठवलेली मुलगी आगाऊ आहे, घरच्या गोष्टींत नाक खुपसते, पुन्हा पाठवू नका. दुकानाच्या मालकानं सुलेखाला त्या भागातली कामं द्यायची बंद केली. ती दोनदा त्या इमारतीवरून मुद्दाम गेली, पण आतल्या खोलीचं युनिट मागच्या बाजूला आहे आणि मागच्या फाटकाला कुलूप असतं.

सावनीनं ते बटण दाबलं असेल का?